हार्ट अटॅकनंतर क्रिएटिनिन वाढले : दुसऱ्या अँजिओप्लास्टीला होकार द्यावा का?

प्रश्न : म्हादईकाठ (सत्तरी, गोवा)

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आणि रक्तदाब आहे. हा अटॅक येण्यापूर्वीच्या तपासणीत त्यांचे क्रिएटिनिन (किडनी कमी काम करू लागली की रक्तात वाढणारा घटक) १.८ होते, त्यामुळे किडनी पूर्ण क्षमतेने काम करत नाही याची आम्हांला कल्पना होती. गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली, उलट्या झाल्या आणि घामाने अंगातला सदरा भिजून गेला. जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लगेच दिले आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून मोठ्या इस्पितळात नेले. दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी झाली, डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत स्टेंट बसवला, आणि उजव्या धमनीत ८० टक्के अडथळा असल्याने ती काही आठवड्यांनी उघडावी लागेल असे सांगितले. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ४० टक्के आले आहे.

दाखल करताना क्रिएटिनिन १.८ होते, तिसऱ्या दिवशी ते २.६ झाले आणि घरी सोडताना २.५ होते. 'लक्ष ठेवू, आठवड्याने पुन्हा तपासा' एवढेच आम्हांला सांगण्यात आले. घरी आल्यावर चुलत काकांनी ठामपणे सांगितले की डायमुळे (अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून देतात त्या द्रवामुळे) किडनी गेली, आता दुसऱ्या वेळी डाय दिला तर डायलिसिसच लागेल, तेव्हा सरळ नकार द्या. शेजारचे लोक म्हणतात की रोज दोन-तीन शहाळी द्या, डाय धुऊन निघेल. आणखी एक शंका अशी की वडिलांना सुंगटे (कोळंबी) खाल्ली की अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. सुंगटांत आयोडीन असते आणि डायमध्येही आयोडीन असते, म्हणून डाय त्यांना मुळातच चालणारा नव्हता असे एका नातेवाइकांचे म्हणणे आहे.

डॉक्टरांवर आमचा अविश्वास नाही. परंतु संमतीपत्रावर सही मला करायची आहे, आणि नक्की कशाला होकार देत आहे ते समजून घेतल्याशिवाय ती करू नये असे वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : मूत्रपिंडविकारतज्ज्ञ (तिसवाडी)

आपल्या वडिलांना तपासल्याशिवाय त्यांच्या उपचारांबद्दल निर्णय देणे योग्य नाही आणि तो मी देणार नाही. पण आपण दिलेल्या आकड्यांचा अर्थ निश्चित सांगता येतो, आणि त्यातून काकांच्या शंकेचे बरेचसे उत्तर मिळते.

आधी १.८ या आकड्याविषयी. ६८ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.८ असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची अंदाजे क्षमता, ४० च्या आसपास येते. निरोगी तरुणाची ती ९० च्या वर असते. याचा अर्थ असा की अटॅक आला त्या संध्याकाळीच वडिलांच्या किडन्या निम्म्याहून कमी क्षमतेने काम करत होत्या. ४८ तासांत क्रिएटिनिन किमान ०.३ ने किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट झाले, तर किडनीला एकाएकी (तीव्र) इजा झाली असे २०१२ पासून जगभर वापरात असलेली व्याख्या मानते. १.८ चे २.६ झाले म्हणजे इजा झाली आहे यात वाद नाही. मात्र तीन पायऱ्यांच्या मोजपट्टीवर ती पहिल्या पायरीची आहे. डायशी संबंधित इजेत क्रिएटिनिन पहिल्या एक-दोन दिवसांत वाढू लागते, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक होते आणि बहुतेकांमध्ये एक-दोन आठवड्यांत मूळ पातळीजवळ परतते. घरी सोडताना आकडा २.६ वरून २.५ झाला, यावरून वाढ थांबली एवढे म्हणता येईल. तो किती खाली येतो हे आठवड्याची तपासणी सांगेल, म्हणून ती तपासणी चुकवू नका.

डाय किडनीला इजा कशी करतो, ते थोडे सविस्तर सांगतो. हा डाय आयोडीनयुक्त असतो, क्ष-किरण अडवतो, म्हणून पडद्यावर धमनी काळी दिसते. शरीरात त्याचे विघटन होत नाही, तो जसाच्या तसा किडनीतून लघवीवाटे बाहेर जातो. किडनीच्या आतल्या गाभ्याला मुळातच रक्त आणि प्राणवायू बेताचा मिळतो, आणि तिथल्या पेशींचे काम मात्र जड असते. कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाटाचे पाणी कमी झाले की शेवटच्या पोफळीला सर्वांत आधी झळ बसते, तशी या गाभ्याची स्थिती असते. डायमुळे तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नलिकांतील द्रव दाट होतो आणि नलिकांच्या पेशींवर थेट परिणामही होतो. निरोगी किडनी हे सहज सोसते. ईजीएफआर ३० च्या खाली गेलेली किडनी, मधुमेहाने जर्जर झालेली किडनी, किंवा शरीरात पाणी कमी असताना सापडलेली किडनी ते सोसेलच असे नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा. हार्ट अटॅकच्या रुग्णाची किडनी डाय मिळण्यापूर्वीच संकटात आलेली असते. हृदयाचा एक भाग आकुंचन पावेनासा होतो, रक्तदाब उतरतो, उलट्या आणि घामामुळे शरीरातले पाणी जाते, वेदनेमुळे आणि भीतीमुळे रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरके रक्तात उसळतात. या सगळ्याचा परिणाम किडनीच्या त्याच गाभ्यावर होतो. इस्रायलमधून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठा अटॅक आलेल्या दोन गटांची तुलना केली होती. एका गटाला तातडीच्या अँजिओप्लास्टीत डाय मिळाला होता, दुसऱ्याला तो मिळालाच नव्हता. वय, आजार वगैरे गोष्टी जुळवून पाहिल्यावर किडनीला इजा होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. याचा अर्थ डाय निर्दोष आहे असा नाही. पण अटॅकनंतर क्रिएटिनिन वाढले की सगळा दोष डायच्या बाटलीवर टाकणे शास्त्राला धरून नाही. पूर्वी या प्रकाराला सरसकट डायमुळे झालेली इजा म्हणत. आता डायनंतर आढळलेली इजा असे सावधपणे म्हटले जाते, त्यामागे हेच कारण आहे.

डायशिवाय आणखी कारणेही तपासावी लागतात, आणि ती राहून जाण्याचा धोका खरा असतो. या वयाच्या पुरुषांत प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेली असू शकते, आणि साध्या सोनोग्राफीत ते कळते. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी पोटात गेली असेल तर तीही कारण ठरते. कधी कधी मोठ्या धमनीच्या भिंतीवरचे कोलेस्टेरॉलचे कण कॅथेटर (धमनीत घातलेली बारीक नळी) फिरवताना सुटतात आणि किडनीत जाऊन अडकतात. अशा वेळी क्रिएटिनिन उतरण्याऐवजी काही आठवडे हळूहळू चढत राहते, पायांची बोटे निळसर पडतात, कातडीवर जाळीसारखी नक्षी उमटते. वडिलांच्या पायांकडे एकदा नीट उजेडात पाहा. काही दिसले तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

दुसऱ्या धमनीबद्दल. मोठ्या अटॅकनंतर इतर धमन्यांतले महत्त्वाचे अडथळेही उघडावेत की नाही, यावर २०१९ साली कंप्लीट नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार हजारांहून अधिक रुग्ण होते. राहिलेल्या धमन्या ४५ दिवसांच्या आत उघडलेल्या गटात सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा अटॅक यांचे प्रमाण ७.८ टक्के होते, तर फक्त अटॅकला कारणीभूत धमनी उघडलेल्या गटात ते १०.५ टक्के होते. डायलिसिसच्या भीतीविषयी दुसरा आकडा सांगतो. अमेरिकेतील नोंदवहीत २००९ ते २०११ या काळातील जवळपास दहा लाख अँजिओप्लास्टींची माहिती तपासली, तेव्हा किडनीला कमीअधिक इजा सुमारे ७ टक्क्यांना झाली होती आणि नव्याने डायलिसिस ०.३ टक्के रुग्णांना लागले होते. वडिलांचा धोका या सरासरीपेक्षा जास्त आहे, कारण त्यांच्यात मधुमेह, आधीच कमी असलेला ईजीएफआर आणि अशक्त झालेले हृदय असे तिन्ही घटक एकत्र आले आहेत. तरीही 'डाय दिला की डायलिसिस' हे समीकरण खरे नाही. क्रिएटिनिन वाढलेले आहे एवढ्या कारणाने ज्या रुग्णांना अँजिओग्राफी नाकारली जाते, त्यांतल्या अनेकांचा हृदयामुळे होणारा तोटा किडनीच्या तोट्याहून मोठा असतो. माझ्या बाह्यरुग्ण विभागात ही भीती घेऊन येणारी घरे मी सतत पाहतो, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

पहिली अँजिओप्लास्टी घाईची होती. दुसरी ठरवून होणार आहे, आणि वडिलांच्या किडनीसाठी हाच सर्वांत मोठा फायदा आहे. क्रिएटिनिन स्थिरावेपर्यंत थांबता येईल, आधी सलाईन देता येईल, नको ती औषधे थांबवता येतील. सलाईन किती द्यायचे ते मात्र पंपिंग ४० टक्के असल्याने हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे. किडनी वाचवण्यासाठी घाईघाईने भरमसाट सलाईन चढवले आणि फुप्फुसांत पाणी साचले, तर नवे संकट ओढवते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पोसायडन अभ्यासात हृदयाच्या डाव्या कप्प्यातला दाब मोजून त्यानुसार सलाईनचा वेग ठरवला होता. दाब कमी असेल तर तासाला किलोमागे ५ मिलिलिटर, मध्यम असेल तर ३ आणि जास्त असेल तर १.५. या पद्धतीने किडनीच्या इजेचे प्रमाण कमी झाले. एकच माप सर्वांना लावू नये, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

किडनी वाचवण्यासाठी म्हणून अॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या किंवा सोडा-बायकार्बोनेटचे सलाईन कुणी सुचवले, तर २०१८ चा प्रिझर्व्ह अभ्यास लक्षात ठेवा. ठरवून केलेल्या अँजिओग्राफीच्या सुमारे पाच हजार जोखमीच्या रुग्णांत या दोन्हींचा काहीही जादा फायदा दिसला नाही. साधे सलाईनच पुरेसे ठरले.

उत्तर : कॅथलॅब परिचारिका (मडगाव)

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले आहेच. टेबलाजवळ उभे राहून काम करणाऱ्या माणसाला जे दिसते, ते मी लिहिते.

डाय ५० आणि १०० मिलिलिटरच्या बाटल्यांतून येतो. प्रक्रिया संपल्यावर किती वापरला ते नोंदवले जाते आणि बहुतेक ठिकाणी डिस्चार्ज कागदावर किंवा प्रोसिजर रिपोर्टवर तो आकडा असतो. आपल्याकडे तो आहे का पाहा. ईजीएफआरच्या जितक्या पट मिलिलिटर डाय वापरला जाईल तितकी जोखीम वाढत जाते. दुपटीपर्यंत मर्यादा ठेवता आली तर उत्तम, आणि तिपटीच्या पुढे जायचे टाळावे असा ढोबळ हिशेब अनेक ठिकाणी पाळला जातो. ईजीएफआर ४० असेल तर दुप्पट म्हणजे ८० आणि तिप्पट म्हणजे १२० मिलिलिटर. क्रिएटिनिन अजून चढलेले असताना ईजीएफआर कमी असतो, त्यामुळे मर्यादाही तेवढीच खाली येते. थांबून किडनी सावरू देण्याचा फायदा असा थेट मोजता येतो.

डाय वाचवायचा म्हटला तर वाचवता येतो. डाव्या कप्प्याचे चित्रण करायला एकट्यालाच ३० मिलिलिटरच्या आसपास डाय लागतो. इको झालेला असेल तर बहुतेक वेळा त्या चित्रणाची गरज नसते. वडिलांच्या धमन्यांचे चित्र आता उपलब्ध आहे, त्यामुळे दुसऱ्या वेळी संपूर्ण अँजिओग्राफी पुन्हा करत बसण्याचे कारण नाही. जुनी सीडी मात्र सोबत न्या, कारण दुसऱ्या इस्पितळात गेलात आणि सीडी नसली तर नव्याने चित्रे घ्यावी लागतात आणि तेवढा डाय वाया जातो. धमनीच्या आतून सोनोग्राफी करणारी सूक्ष्म तारही असते. तिच्या साहाय्याने स्टेंटची लांबी-रुंदी ठरवली की डायचे प्रत्येक 'शूट' वाचते. अतिशय कमी डायमध्ये पूर्ण अँजिओप्लास्टी करणारे डॉक्टरही आहेत. खर्च वाढतो, तो आधी विचारून घ्या.

मनगटातून केले हे चांगलेच झाले. मांडीतून केल्यास रक्तस्राव जास्त होतो, आणि रक्तस्राव झाला की रक्तदाब उतरून किडनीला त्रास होतो. मनगटमार्गात किडनीच्या इजेचे प्रमाण कमी आढळल्याचे मोठ्या युरोपीय अभ्यासात दिसले आहे. दुसऱ्या वेळीही मनगटच मागा.

एक गोष्ट मी नातेवाइकांना नेहमी सांगते. सकाळी प्रक्रिया असली की अनेक घरांतले लोक आदल्या रात्रीपासून रुग्णाला पाण्याचा थेंबही देत नाहीत. वैशाखात, उकाड्यात, रात्रभर तहानलेला माणूस दुपारी टेबलावर येतो तेव्हा त्याची जीभ कोरडी पडलेली असते. उपाशी राहायचे ते घन अन्नासाठी, साधारण सहा तास. साधे पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या इस्पितळाचा नियम विचारा, आणि पाणी चालत असेल तर त्यांना पाणी द्या. यादीत क्रमांक मागे पडत असेल तर वॉर्डातल्या सिस्टरना तसे सांगा, म्हणजे सलाईन सुरू करता येईल. किडनीचा आजार असलेल्या रुग्णाला शक्यतो सकाळी पहिल्यांदा घ्यावे, अशी विनंती करायला संकोच करू नका.

उत्तर : काणकोणकर

आमच्या काणकोण तालुक्यात किडनीच्या आजाराचा विषय घरोघरी आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी काहीच नसताना किडनी निकामी झालेली माणसे इथे अनेक आहेत, आणि त्यामागच्या कारणांचा शोध बरीच वर्षे चालू आहे. त्यामुळे डायलिसिस या शब्दाची काकांना वाटणारी भीती मी समजू शकतो. ती हसण्यावारी नेऊ नका, पण तिच्या आधारे निर्णयही घेऊ नका.

शहाळ्यांबद्दल मात्र तातडीने सांगावेसे वाटते. ती आजच थांबवा. माझ्या आईची किडनी कमी काम करते, आणि तिच्या डॉक्टरांनी आम्हांला स्पष्ट सांगितले होते की शहाळ्याचे पाणी म्हणजे पोटॅशियमचा मोठा साठा आहे. एका पेल्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. किडनी नीट काम करत नसताना रक्तातले पोटॅशियम वाढते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. नुकताच अटॅक येऊन गेलेल्या माणसाला तर हे अजिबात परवडणारे नाही. करमलही देऊ नका. पाच धारांचे हे आंबट फळ आपल्याकडे लोणच्यात आणि आमटीत सर्रास वापरतात, पण किडनीच्या रुग्णांसाठी ते विषारी ठरू शकते. शिवाय डाय पिऊन धुऊन काढण्याची गोष्ट नाही, तो आधीच केव्हाचा निघून गेलेला असणार. हृदय अशक्त असताना उगाच लिटरभर जास्त पाणी पाजले तर दम लागायला सुरुवात होते. दिवसाला किती पाणी प्यायचे तो आकडा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. कुणी काढा सुचवला, तर त्यात काय आहे हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये.

दुसरे म्हणजे एक साधी वही ठेवा. तारीख, क्रिएटिनिन, पोटॅशियम, रोजचे वजन, बीपी. आरोग्य केंद्र, तालुक्यातली खाजगी लॅब, मोठे इस्पितळ अशा तीन ठिकाणी तपासण्या होतात आणि कागद तीन पिशव्यांत राहतात. वडिलांचे आधीचे १.८ आपल्याला माहीत होते, म्हणूनच २.६ चा अर्थ लावता आला. तो आकडा नसता तर नवी इजा कोणती आणि जुना आजार कोणता हे डॉक्टरांनाही लगेच सांगता आले नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले. संपूर्ण देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मधुमेही माणसाच्या खिशात त्याचे शेवटचे क्रिएटिनिन लिहिलेला कागद असावा, असे मला अगदी मनापासून वाटते. मध्यरात्री छातीत दुखू लागल्यावर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायला कुणालाच वेळ नसतो, आणि थांबूही नये.

म्हादईकाठ :

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. शहाळी त्याच दिवशी बंद केली. कागदपत्रांत डायचा आकडा सापडला, तो ११० मिलिलिटर आहे. डाव्या कप्प्याचे चित्रण केलेले नाही असेही त्यात लिहिले आहे. पायांची बोटे, कातडी सगळे व्यवस्थित आहे, लघवीही नेहमीसारखी होते. आठवड्याच्या तपासणीत क्रिएटिनिन २.१ आले आणि पोटॅशियम ४.६. सोनोग्राफीत लघवी तुंबलेली नाही, किडन्या मात्र थोड्या लहान झालेल्या दिसल्या. उत्तरे काकांना वाचून दाखवली. ते काही वेळ बोलले नाहीत, मग ११० म्हणजे तिपटीच्या आत की बाहेर, एवढेच त्यांनी विचारले.

दोन शंका उरल्या आहेत. सुंगटांचे काय? आणि वडिलांची मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी इस्पितळात थांबवली होती, ती कधी सुरू करायची? दुकानदार म्हणतो की तीच गोळी किडनी खराब करते, कायमची बंद करा.

मूत्रपिंडविकारतज्ज्ञ (तिसवाडी) :

काकांना सांगा की ४० च्या ईजीएफआरला ११० मिलिलिटर म्हणजे पावणेतीन पट होते, तिपटीच्या आत. अटॅकच्या दुसऱ्याच दिवशी, स्टेंटसह एवढ्यात काम आटोपले याचा अर्थ ज्यांनी ते केले त्यांनी किडनीचा विचार केला होता. २.६ वरून २.१ ही दिशा योग्य आहे, पोटॅशियमही ठीक आहे. किडन्या लहान दिसल्या त्याचा अर्थ असा की आजार जुना आहे. तो या आठवड्यातला नाही. आकडा बहुधा पुन्हा १.८ वर येईल किंवा १.९-२.० वर स्थिरावेल. दोन तपासण्यांत तो सारखाच आला की दुसऱ्या अँजिओप्लास्टीची तारीख ठरवायला किडनीच्या बाजूने हरकत राहू नये. ४५ दिवसांची मुदत अजून हातात आहे. छातीत पुन्हा दुखू लागले, तर मात्र क्रिएटिनिन उतरण्याची वाट पाहायची नाही, लगेच १०८ ला फोन करायचा.

सुंगटांचा आणि डायचा संबंध नाही. सुंगटे, खेकडे यांची अॅलर्जी असते ती त्यांच्या स्नायूंतल्या एका प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन आपल्या रोजच्या मिठातही असते. डायने अंगावर गांधी येणे किंवा श्वास अडकणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ज्यांना आधी डायनेच असे झाले असेल त्यांच्या बाबतीत काळजी घ्यावी लागते. वडिलांना पहिल्या वेळी तसे काही झाले नाही, तेव्हा ती नोंद करून ठेवा. सुंगटांच्या अॅलर्जीबद्दल विचारले तर खरे सांगायचेच, फक्त त्यावरून डाय नाकारायचा नाही. किडनीच्या इजेशी तर यातल्या कशाचाच संबंध नाही.

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही, दुकानदारांचे म्हणणे चुकीचे आहे. किडनी एकाएकी मंदावली तर ती गोळी रक्तात साचते आणि रक्तातले लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते, म्हणून धमनीतून डाय देताना ती थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात. वडिलांचे क्रिएटिनिन २.१ असताना ईजीएफआर ३० च्या थोडासाच वर आहे, आणि ३० च्या खाली ही गोळी देत नाहीत. म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत ती बंदच राहू द्या आणि साखरेसाठी आत्ता जे औषध दिले आहे तेच चालू ठेवा. पुढे ती सुरू केलीच तर मात्रा कमी करावी लागेल, आणि ते त्यांचे मधुमेहाचे डॉक्टर ठरवतील. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन गटातली बीपीची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. अशक्त हृदयासाठी तिचा उपयोग असतो. थांबवायची झाल्यास केव्हा आणि पुन्हा सुरू केव्हा, हे दोन्ही एकाच वेळी लिहून घ्या. थांबवलेली गोळी सुरू करायची राहून जाणे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसऱ्या प्रक्रियेनंतर घरी लवकर सोडतील, बहुधा दुसऱ्याच दिवशी. क्रिएटिनिन वाढले असेल तर ते तोवर दिसेलच असे नाही. म्हणून ४८ ते ७२ तासांनी वाळपईत किंवा जवळ जिथे सोय असेल तिथे रक्त द्या आणि तो आकडा हृदयाच्या आणि किडनीच्या दोन्ही डॉक्टरांना कळवा.